तिसऱ्या बर्थचं माप

धाकूकाकाने आयुष्यात चाळीस-पंचेचाळीस गाड्यांमध्ये पलंग बसवले आणि त्यातल्या एकावरही तो कधी आडवा झाला नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत विद्याधरशेठचा कारखाना आहे. तिथे सिनेमावाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅन बनतात. बसची नुसती चेसिस आणायची आणि तिच्यावर नटनट्यांसाठी खोली उभी करायची, आरसा, एसी, संडास, पलंग सगळं धरून. गाडी मढला शूटिंगला गेली आणि तिथे दार अडकलं किंवा नळ गळायला लागला की काकाला बोलावणं यायचं. तो पेचकस घेऊन आत शिरायचा, काम करायचा आणि आला तसा बाहेर पडायचा. एकदा बसून तरी बघ, कोण विचारतंय, असं मी म्हटलं की तो म्हणायचा, "दुसऱ्याचा हांतरूण, आपण कित्याक बसाचा?"

तो माझा सख्खा काका नव्हे. माझे वडील आणि तो मालवणकडच्या एकाच वाडीतले. दोघांचे बाप परळला एकाच मिलमध्ये होते, आणि मिल गेल्यावर दोन्ही घरं अंधेरीला एकाच मजल्यावर येऊन टेकली. काका नववी नापास झाला आणि ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्याकडे लागला. तेव्हापासून हातात माप घ्यायची टेप आणि कानावर पेन्सिल. उंची पाच फूट तीन इंच. मुंबई आणि गाव सोडून तो फक्त एकदा शिर्डीला गेला होता, आणि तिथेही जानकीकाकूला रांगेत चक्कर आली म्हणून अर्ध्यातून परत आला.

मी मरोळलाच जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. कागद लिहिते, मांजरं धरते, ओरबाडे खाते. ही नोकरीही काकानेच लावून दिली. डॉक्टरांच्या दवाखान्याची कपाटं त्याने केली होती, तेव्हा आमच्या मजल्यावरची एक पोर आहे, बारावी झालेली, असं त्यानेच सांगितलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते कळायला हे माहीत असलेलं बरं.

दोन वर्षांपूर्वी श्रेयस आणि भाविका हे मुलुंडचं जोडपं कारखान्यात आलं. दोघांनी कॉम्प्युटरवरच्या चांगल्या नोकऱ्या सोडल्या होत्या. त्यांना चाकांवरचं घर हवं होतं. गाडी जहाजाने दुबईला पाठवायची, तिथून सौदी, इराक, तुर्कस्तान आणि मग सगळा युरोप. वर्षभर गाडीतच राहायचं, गाडीतच रांधायचं आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे. विद्याधरशेठने काम घेतलं आणि अर्थातच काकाच्या गळ्यात घातलं.

त्या वेळी कारखान्यात दोन मांजरं होती. एका अर्धवट व्हॅनच्या कपाटात मांजरी व्याली आणि आठव्या दिवशी बाहेर गेली ती परतलीच नाही. काकाने पिल्लांना कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं आणि नंतर डब्यातले मासे चारले. बोक्याचं नाव पेडवो, भाटीचं सुंगट, दोन्ही नावं आमच्याकडच्या मासळीची. ती बाकी कोणाच्या हाताला लागायची नाहीत. काका वेल्डिंगला बसला की दहा हात लांब, आणि विडी पेटवून बाकावर बसला की मांडीवर.

भाविकाने त्या दोघांचा एक व्हिडिओ टाकला. गाडीचे व्हिडिओ कोणी बघत नव्हतं, मांजरांचा मात्र धो धो चालला. लगेच तिच्या मनाने घेतलं की मांजरं आपल्यासोबत न्यायची. कागदोपत्री त्यांची नावं लिओ आणि लुना झाली. काका म्हणाला, न्या खुशाल, पण ती माझ्याशिवाय ऱ्हवची नाय.

"मग तुम्हीही चला ना, काका," श्रेयस म्हणाला. "गाडी तुम्हीच बांधताय. वाटेत बिघडली तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं? तिसरा बर्थ तुमचा."

असली वाक्यं माणसं चहा पिताना बोलतात आणि कप ठेवताना विसरतात. काकाने मात्र ते घट्ट धरलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि पासपोर्टचा फॉर्म भर म्हणाला. शाळेचा दाखला शोधायलाच महिना गेला. पोलीस चौकशीला आला तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा, आणि अख्खा मजला त्याच्या मागे. पासपोर्ट आला तेव्हा जानकीकाकूने तो देवासमोर ठेवला, हळदकुंकू लावलं. कव्हरवरच्या सिंहांना लागलेला तो लाल ठिपका पुढे कधी निघाला नाही. काकूने स्टेशनसमोरून स्वेटर आणि कानटोपी आणली, मालवणी मसाल्याची बरणी भरली, कोकमं वेगळी बांधली. काका त्या कानटोपीत अगदी लहान मुलासारखा दिसायचा. आम्ही सगळे हसलो. तोही हसला, पण टोपी काढली नाही.

मग त्याने गाडीला जे काम केलं ते मी डोळ्यांनी बघितलं. सीटखाली मांजरांच्या शी-शूच्या मातीचा खण, बाहेरून ओढता येणारा. खिडक्यांना आतून जाळी. मागच्या काचेला लागून एक फळी, मांजरांना बसून रस्ता बघायला. सगळ्यात शेवटी तिसरा बर्थ. तो त्याने स्वतः प्लायवर झोपून, कारखान्यातल्या सर्वेशकडून डोक्यापाशी आणि पायापाशी खूण मारून घेऊन कापला. पाच फूट सहा इंच. तीन इंच उशीला म्हणाला.

मांजरांचे कागद म्हणजे डोकेदुखी असते. युरोपात न्यायचं तर आधी कातडीखाली तांदळाएवढी चिप घालायची, मग रेबीजची लस, महिन्याने रक्त काढून परदेशातल्या लॅबला पाठवायचं, ते पास झालं की रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. चिप आधी, लस नंतर, हा क्रम चुकवायचा नाही. मी चुकवला. दिवाळीची गर्दी होती, चिपा संपल्या होत्या, म्हणून लस टोचून घेतली आणि चिप आठ दिवसांनी घातली. डिसेंबरात कागद करणाऱ्या एजंटने ते पकडलं. ती लस बाद, रक्त बाद, सगळं पहिल्यापासून. प्रवास मेपर्यंत लांबला.

श्रेयस दवाखान्यात येऊन डॉक्टरांवर भडकला. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. माझी नोकरी त्या क्षणी गेल्यातच जमा होती. तेवढ्यात पिंजरे घेऊन बसलेला काका उठला. "पोरीचो दोष नाय," तो म्हणाला. "ती थांबा म्हणत होती. मीच घाई केलंय." मी काही थांबा म्हटलं नव्हतं. त्यालाही ते ठाऊक होतं. श्रेयस काकाला दोन शब्द जास्तच बोलला, काकाने मान खाली घालून ते ऐकून घेतले, आणि माझी नोकरी टिकली.

फेब्रुवारीत एजंटचा नवा फॉर्म आला. मांजरांसोबत प्रवास करणाऱ्यांची नावं लिहायची होती. मी श्रेयसला फोन केला. त्याने तीन नावं सांगितली. श्रेयस, भाविका, केतन.

केतन कोण, असं मी विचारलं. कॅमेरा धरणारा, गाडीही चालवतो, इंग्रजी फर्डं. मी म्हटलं, आणि धाकूकाका? मग तो म्हणाला की काकांचं वय, त्यांचा विमा, एवढ्या देशांचे व्हिसा, फार गुंता होतोय. आम्ही योग्य वेळी सांगू. तू आत्ता बोलू नकोस, उगाच त्यांचं कामातलं लक्ष उडेल. आणि हो, त्या चिपच्या प्रकरणात आम्ही तुमच्या दवाखान्याबद्दल कुठे काही लिहिलं नाही, हे लक्षात ठेव.

मी फॉर्मवर केतनचं नाव लिहिलं. गप्प बसले. नोकरीची भीती होती हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. काकाचा चेहरा पडलेला मला बघायचा नव्हता आणि ते काम दुसऱ्या कोणीतरी करावं असं वाटत होतं. याला भित्रेपणा म्हणतात. मी दुसरा शब्द शोधायला जात नाही.

मार्चमध्ये काका एका संध्याकाळी आमच्या दारात आला, खूश होता. श्रेयसने तिसरा बर्थ सहा फूट करायला सांगितला होता. त्यासाठी अख्खं कपाट सरकवावं लागणार होतं, आठ दिवसांचं काम वाढलं होतं. "बघ गो," तो म्हणाला, "पोरगो माझो इचार करता. म्हाताऱ्याक पाय पसरूक व्हये म्हणान." जानकीकाकू मागे उभी होती, तिने लगेच श्रेयसला आशीर्वाद दिला. मी आत जाऊन पाणी आणलं. केतनला मी एकदा दवाखान्यात बघितलं होतं. दारातून वाकून आत आला होता तो.

त्याच दिवशी बोलायला हवं होतं. पाणी देता देता सांगता आलं असतं. काका पाणी प्यायला, पेला मला परत दिला आणि कपाट कसं सरकवणार ते जमिनीवर बोटाने काढून दाखवत बसला.

पुढचे आठ दिवस तो कारखान्यातून उशिरा यायचा. काम इतकं साफ झालं की बर्थ वाढवलाय हे सांगूनही कोणाला सांधा सापडला नसता. पासपोर्ट त्याने केव्हाच श्रेयसकडे दिला होता, व्हिसासाठी. व्हिसा झाला का, असं तो मला चार दिवसांनी एकदा विचारायचा. एजंटकडे असेल, असं मी सांगायची. म्हणजे फेब्रुवारीनंतर मी नुसती गप्प नव्हते, हेही लिहायला हवं.

मेच्या पहिल्या आठवड्यात गाडी न्हावाशेवा बंदरात जाणार होती. माणसं आणि मांजरं दहा दिवसांनी विमानाने दुबईला. गाडी कारखान्यातून हलायच्या आधी गाऱ्हाणं घालायचं, हे काकाने ठरवूनच टाकलं होतं. आमच्याकडे कुठलंही मोठं काम असलं की घरातलं जाणतं माणूस नारळ ठेवून देवाला सगळं बोलून दाखवतं. कोण जातंय, कुठे जातंय, काय हवंय, नावानिशी. आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्याशिवाय मागणं देवापर्यंत पोचत नाही असं मानतात.

कारखान्यातले कामगार बिहारचे, बंगालचे, दोघे गुजरातचे. त्यांना गाऱ्हाणं कुठलं ठाऊक? म्हणून काकाने मला पुढे उभं केलं. तू आधी म्हण, म्हणजे हे तुझ्या मागून म्हणतील, असं सांगितलं आणि सगळ्यांकडून दोनदा तालीम करून घेतली. भाविकाला ते फार आवडलं. तीही आमच्यात येऊन उभी राहिली. केतन कॅमेरा घेऊन समोर होता. जानकीकाकू नवी साडी नेसून आली होती. पायाशी मसाल्याची बरणी आणि काकाची बॅग होती, कारण गाडीतच ठेवून देऊ म्हणजे विमानात वजन नको, असं त्या दोघांनी ठरवलं होतं. मांजरं दोन पिंजऱ्यांत होती. त्यांना भाविका त्याच दिवशी मुलुंडला नेणार होती.

काकाने पुढच्या चाकापाशी नारळ ठेवला, डोक्याला रुमाल बांधला, हात जोडले.

"हे बा देवा म्हाराजा, रामेश्वरा, सातेरी माये, बारा-पाचाच्या म्हाराजा! आज ही गाडी आमी परमुलखात धाडतंव. तिच्या वाटेत खयची इडापिडा आसात, ती भायल्या भायर काढून टाक रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं, आणि मागून पंधरा जण.

"ह्यो श्रेयस, ही भाविका, ही लेकरां खय खय फिरतली, थंय तेंच्या पाठीमागे उबो ऱ्हव, नि तेंका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ही दोन मुकी जनावरां, पेडवो नि सुंगट. तेंका परक्या पाण्याचो तरास होवक देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." भाविकाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"आणि ह्यो तुझो धाकू तेंच्यावांगडा जाता. तेका वाट दाखय रे म्हाराजा."

धाकू त्यांच्यासोबत जातो, या मागणीला माझी जीभ उचलली नाही. माणसासमोर तीन महिने खोटं बोलले होते, पण गाऱ्हाण्यात खोटं "व्हय" म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी गप्प, म्हणून कामगार गप्प. ते माझ्याकडे बघत होते. भाविका जमिनीकडे बघत होती. श्रेयसने केतनला हाताने काहीतरी खुणावलं आणि कॅमेरा खाली आला.

काकाला वाटलं असेल मी ऐकलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. "ह्यो तुझो धाकू तेंच्यावांगडा जाता..." जानकीकाकू एकटीच "व्हय म्हाराजा" म्हणाली. तिच्या मागून कोणी आलं नाही. काकाने मान वळवली. आधी श्रेयसकडे बघितलं, मग केतनकडे, खालपासून वरपर्यंत, माप घेतल्यासारखं. मग माझ्याकडे. माझ्याकडे तो सगळ्यात जास्त वेळ बघत होता.

गाऱ्हाणं अर्ध्यात टाकत नाहीत. तो परत नारळाकडे वळला, हात तसेच जोडलेले.

"ह्यो तुझो धाकू हयच आसा. हयसून तेंची वाट बगतलो. तेका धीर दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. धाकू इथेच राहतो, याला मला व्हय म्हणता आलं. मागून पंधरा जण म्हणाले, काय म्हणतोय ते न कळता.

नारळ काकानेच फोडला. नंतर श्रेयस त्याला बाजूला घेऊन बराच वेळ बोलला. वय, विमा, पुढच्या वेळी नक्की, असं काहीबाही ऐकू येत होतं. श्रेयसने खिशातून पासपोर्ट काढून दिला, काकाने तो उघडून पानं चाळली. सगळी कोरी. कव्हरवर कुंकवाचा ठिपका तेवढा होता. तेवढ्यात पिंजऱ्याची कडी निघाली आणि पेडवो सुटून कॉम्प्रेसरखाली शिरला. भाविका हाका मारून थकली, लिओ लिओ करत. काकाने गुडघ्यावर बसून नुसतं च् च् केलं. बोका आला. त्याला उराशी धरून काकाने परत पिंजऱ्यात ठेवलं आणि कडीला तार गुंडाळली. मांजरांक काय कळता, एवढंच तो म्हणाला, तेही स्वतःशी. जानकीकाकूने मसाल्याची बरणी उचलली आणि घरी परत नेली. आम्ही तिघं एकाच रिक्षाने आलो. मी कडेला बसले होते.

पुढचे अडीच महिने काका माझ्याशी वाईट वागला नाही. जिन्यात भेटला तर बाजूला व्हायचा, कसं काय म्हणायचा. जानकीकाकूने दार उघडं ठेवणं बंद केलं. आईला वाटायचं की प्रवास हुकला म्हणून मन लागत नसेल. मी तिलाही काही सांगितलं नाही.

जुलैच्या शेवटी व्हिडिओ आला. तुर्कस्तान ओलांडून गाडी युरोपात शिरत होती. अधिकाऱ्याने पेडवोच्या मानेवर यंत्र फिरवलं, कागदावरच्या नंबराशी नंबर ताडून बघितला आणि हसून शिक्का मारला. मग श्रेयस कॅमेऱ्यात बघून म्हणाला की हे ज्यांच्यामुळे जमलं त्यांचे आभार, आणि आमच्या दवाखान्याचं नाव घेतलं, माझं नाव घेतलं. काकाचं नाव नव्हतं. डॉक्टरांनी मला पेढा दिला. तो मी तसाच टेबलावर ठेवला.

मी फोन घेऊन कारखान्यात गेले. मांजरं बघून त्याला बरं वाटेल, असं स्वतःला सांगत गेले. काका एका नव्या व्हॅनच्या आत वाकून प्लायवर रेघा मारत होता. मी व्हिडिओ लावून फोन त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा चढवला आणि मागच्या फळीवर बसून रस्ता बघणारी सुंगट बघितली. जरा हसलाही. मग तिसरा बर्थ आला. त्यावर केतन झोपला होता, पाय सरळ पसरून, आणि पायांवर पेडवो.

काकाने व्हिडिओ तिथेच थांबवला. बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिला.

"तुका कदीपासून म्हायत होता?" त्याने विचारलं.

या वेळी मी खरं सांगितलं. "फेब्रुवारीपासून. तू बर्थ वाढवलास त्याच्या आधीपासून."

त्याने मान हलवली. संताप नव्हता, आवाज चढला नाही. चढला असता तर मी रडून मोकळी झाले असते.

"तेंका मी वळखत नव्हतंय गो," तो म्हणाला. "तुका वळखत होतंय."

फोन माझ्या हातात देऊन त्याने कानावरची पेन्सिल काढली, आणि टेपचं एक टोक धर, असं मला न सांगता सर्वेशला हाक मारली.